कलानिर्देशकाचे दप्तर : नियतकालिकातील संहितेचे एक उपेक्षित साधन

१

मराठी विद्येच्या क्षेत्रात 'दप्तर' या शब्दाला एक विशेष वजन आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि रुमालात बांधलेला मोडी कागद हा इतिहासाचा पहिला साक्षीदार होय, ही जाणीव आपल्याकडे दृढ झाली. पुढे साहित्याच्या अभ्यासानेही ती स्वीकारली. लेखकाची हस्तलिखिते, त्याचा पत्रव्यवहार, संपादकाने केलेली काटछाट, मुद्रितांवरील दुरुस्त्या यांचा शोध घेतल्याखेरीज संहितेचा विचार पुरा होत नाही, हे आता निराळे सांगावे लागत नाही. तथापि नियतकालिकातील संहितेच्या घडणीत प्रत्यक्ष भाग घेणारी एक व्यक्ती या विचारातून बहुधा वगळली जाते. ती व्यक्ती म्हणजे नियतकालिकाचा आर्ट डायरेक्टर. प्रस्तुत लेखात त्यास 'कलानिर्देशक' म्हटले आहे.

कथा किती पानांत बसवावयाची, तिच्या शेजारी कोणते चित्र यावयाचे, शीर्षक कोणत्या खिळ्यात जुळवावयाचे, समास किती सोडावयाचा, मजकूर कोठे तोडून 'पुढील मजकूर अमुक पानावर' अशी सूचना द्यावयाची, हे निर्णय मोठ्या नियतकालिकांत कलानिर्देशक घेतो किंवा घेण्यास भाग पाडतो. वाचकाच्या हाती येणारी संहिता ही अशा निर्णयांतून गेलेली असते. हे निर्णय ज्या कागदांवर झाले ते कागद जपले गेले तर अभ्यासकास काय मिळते, आणि नष्ट झाले तर काय कायमचे हरपते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेतील दोन समकालीन कलानिर्देशकांची उदाहरणे घेतली आहेत. दोघेही मूळचे रशियन साम्राज्यातले, दोघेही पॅरिसमार्गे अमेरिकेत आलेले, दोघेही स्वतः छायाचित्रकार, आणि दोघेही परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या नियतकालिकांचे शिल्पकार. त्यांच्या कागदपत्रांचे दैव मात्र अगदी भिन्न ठरले. या भिन्नतेतून आपल्या अभ्यासासाठी काही बोध घेता येतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२

प्रथम अशा दप्तरात सामान्यतः काय असते ते पाहू. पहिला वर्ग नमुना-अंकांचा, म्हणजे 'डमी'चा. अंक छापण्यापूर्वी कोऱ्या पानांवर चित्रांचे व मजकुराचे स्थान दाखवून तयार केलेला हा कच्चा अंक असतो. दुसरा वर्ग पानांच्या आराखड्यांचा. एकाच कथेच्या आरंभीच्या दोन पानांसाठी चार-पाच आराखडे केलेले असतात आणि त्यांतला एकच छापला जातो. तिसरा वर्ग छायाचित्रांचा : निगेटिव्ह, काँटॅक्ट शीट, आणि कोठे कापावयाचे ते दाखविणाऱ्या रेघा ओढलेल्या प्रती. चौथा वर्ग पत्रव्यवहाराचा व कचेरीतील चिठ्ठ्यांचा. संपादक, लेखक, छायाचित्रकार, ब्लॉकमेकर आणि छापखाना यांच्यात काय बोलणे झाले ते त्यांतून कळते. पाचवा वर्ग फेटाळलेल्या व न छापलेल्या सामग्रीचा. अभ्यासकाच्या दृष्टीने हाच वर्ग बहुधा सर्वांत मोलाचा असतो.

येथे एक आक्षेप संभवतो. लेखकाचे शब्द तेच राहतात. पान कसेही रचले तरी कथा बदलत नाही. मग या कागदांचा संबंध सजावटीशी, साहित्याशी नव्हे. या आक्षेपाचे उत्तर पाठचिकित्सेतूनच देता येते. नियतकालिकात आलेली कथा आणि पुढे संग्रहात आलेली तीच कथा यांत जेव्हा पाठभेद आढळतात, तेव्हा आपण ते सहजपणे लेखकाच्या पुनर्विचाराच्या खाती मांडतो. 'लेखकाने येथे परिच्छेद वाढविला', 'शेवट अधिक सूचक केला' अशी विधाने आपल्या समीक्षेत विपुल सापडतील. परंतु नियतकालिकातील पाठ हा जागेच्या सोयीसाठी आखडलेला असू शकतो. चार ओळी पानाबाहेर जात होत्या म्हणून त्या काढल्या गेल्या असतील, आणि संग्रहात लेखकाने आपला मूळ पाठच परत आणला असेल. अशा वेळी जे आपण विकासाचे चिन्ह मानतो ते केवळ पूर्वस्थितीचे पुनःस्थापन ठरते. दोन छापील पाठ समोर ठेवून हा निवाडा होत नाही. तो लेखकाचे हस्तलिखित आणि पानाचा आराखडा या दोन कागदांच्या ताळ्यानेच होऊ शकतो. हस्तलिखित नसेल तेव्हा आराखडा हाच एकटा साक्षीदार उरतो.

३

अलेक्सी ब्रोडोविच यांचा जन्म १८९८ चा. रशियातील यादवीत ते श्वेत पक्षाकडून लढले, आणि पराभवानंतर १९२० मध्ये पॅरिसला पोहोचले. तेथे त्यांनी दियागिलेव्ह यांच्या बॅले रूस या नृत्यमंडळीसाठी पडदे रंगविण्याचे काम केले. १९२४ मध्ये 'बाल बानाल' या नृत्यसमारंभाच्या जाहिरातचित्रस्पर्धेत त्यांना पहिले स्थान मिळाले. त्या स्पर्धेत पिकासो यांचेही चित्र होते. १९३० मध्ये ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला अध्यापनासाठी गेले. १९३४ मध्ये 'हार्पर्स बझार'च्या संपादिका कार्मेल स्नो यांनी त्यांना कलानिर्देशक म्हणून नेमले, आणि १९५८ पर्यंत, म्हणजे सुमारे चोवीस वर्षे, ते त्या पदावर होते.

'हार्पर्स बझार' हे वेशभूषेचे मासिक; परंतु त्या काळात ते कथासाहित्याचेही एक महत्त्वाचे व्यासपीठ होते. कार्सन मॅककलर्स यांची 'द बॅलड ऑफ द सॅड कॅफे' ही दीर्घकथा १९४३ मध्ये याच मासिकात प्रथम आली. ट्रूमन कपोटी यांच्या आरंभीच्या कथांपैकी 'अ ट्री ऑफ नाइट' १९४५ मध्ये येथेच प्रसिद्ध झाली. या साहित्याला ब्रोडोविच यांनी जे पान दिले त्याची वैशिष्ट्ये सर्वज्ञात आहेत : भरपूर कोरी जागा, समोरासमोरच्या दोन पानांना एकच पट मानणारी मांडणी, चित्रातील आकृतीचा डौल मजकुराच्या स्तंभाला देण्याची हातोटी, आणि धैर्याने कापलेली छायाचित्रे. पाने रचताना ते छायाचित्रांच्या लहानमोठ्या आकारांच्या प्रती काढवीत आणि सर्व पाने जमिनीवर ओळीने पसरून अंक एखाद्या चित्रपटाप्रमाणे आरंभापासून अखेरपर्यंत पाहात. अंकाची लय ही त्यांच्या दृष्टीने सुट्या पानाच्या सौंदर्याहून मोठी गोष्ट होती. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अशा अंकातील कथा ही एका मोठ्या क्रमाचा भाग म्हणून वाचकापुढे आली होती. संग्रहात ती या क्रमातून सुटली.

छायाचित्रकार म्हणून ब्रोडोविच यांचे नाव एका पुस्तकावर टिकून आहे. १९३५ ते १९३७ या काळात बॅले मंडळ्यांच्या न्यूयॉर्क येथील प्रयोगांच्या वेळी त्यांनी लहान कॅमेऱ्याने, रंगमंचावरील उपलब्ध प्रकाशातच, छायाचित्रे काढली. त्यांपैकी १०४ छायाचित्रांचे 'बॅले' हे पुस्तक १९४५ मध्ये एडविन डेन्बी यांच्या लेखासह निघाले. त्याच्या अवघ्या ५०० प्रती काढण्यात आल्या. धूसर कडा, दाणेदार पोत, हललेली आकृती, हे त्या काळी दोष समजले जात. ब्रोडोविच यांनी ते गतीचा प्रत्यय देण्यासाठी वापरले आणि छायाचित्रे पानाच्या कडेपर्यंत नेऊन एकमेकांत वाहती ठेवली.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या घराला एकाहून अधिक वेळा आग लागली. 'बॅले'ची निगेटिव्ह, पुस्तकाच्या प्रती, चित्रे व कागद यांचा मोठा भाग त्यात जळाला. आधीच विरळ असलेले ते पुस्तक त्यानंतर दुर्मिळ झाले. १९५८ मध्ये मासिकाशी असलेला संबंध संपला, आणि १९७१ मध्ये फ्रान्समधील ल तोर या गावी त्यांचे निधन झाले. 'बॅले' पुन्हा व्यापक अभ्यासकवर्गापुढे आले ते २०११ च्या सुमारास, मूळ पुस्तकाची पाने छायाचित्रित करून काढलेल्या एका अभ्यास-आवृत्तीमुळे. निगेटिव्ह नसल्यामुळे छापील प्रत हीच मूळ प्रत झाली. हस्तलिखित नष्ट झाल्यावर पहिल्या मुद्रित आवृत्तीला जे स्थान येते, नेमके तेच.

४

ब्रोडोविच यांच्या कारकीर्दीच्या अखेरच्या वर्षातील एक प्रसंग साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कपोटी यांची 'ब्रेकफस्ट अॅट टिफनीज' ही लघुकादंबरी 'हार्पर्स बझार'मध्ये प्रसिद्ध व्हावयाची होती. तिच्यासाठी चित्रे करण्याचे काम ब्रोडोविच यांनी आपल्या वर्गातील एक विद्यार्थी डेव्हिड अॅटी यांच्याकडे दिले. अॅटी यांनी छायाचित्रांचे अनेक थर एकत्र करून प्रतिमा सिद्ध केल्या. परंतु कादंबरीतील भाषा व विषय यांबद्दल मासिकाच्या मालकवर्गाने हरकत घेतली आणि प्रकाशन रद्द झाले. अखेर ती कादंबरी नोव्हेंबर १९५८ च्या 'एस्क्वायर'मध्ये आली, आणि त्याच सुमारास पुस्तकरूपानेही निघाली. अॅटी यांच्या प्रतिमांपैकी एक 'एस्क्वायर'ने घेतली. मूळ मासिकासाठी योजिलेली समग्र मांडणी मात्र वाचकांपुढे कधीच आली नाही.

येथे पाठचिकित्सेचा एक मोठा धडा आहे. 'ब्रेकफस्ट अॅट टिफनीज'चा प्रकाशन-इतिहास केवळ छापील अंकांवरून लिहू गेल्यास 'एस्क्वायर' हा आरंभबिंदू ठरतो. प्रत्यक्षात तिच्यासाठी एका वेगळ्या मासिकात, वेगळ्या वाचकवर्गासाठी, वेगळ्या चित्रांसह एक जागा तयार झाली होती. आपल्या कथेतील नायिकेसारख्या स्त्रिया ज्या मासिकातील कपडे पाहतात त्याच मासिकात ती कथा येणे, आणि पुरुष वाचकांसाठीच्या मासिकात येणे, या दोन घटना अर्थाच्या दृष्टीने एक नाहीत. न झालेल्या प्रकाशनाची ही साक्ष छापील अंक देऊ शकत नाही. ती पान रचणाऱ्याच्या आणि चित्रकाराच्या कागदांतच राहते.

अॅटी यांच्या कागदांची पुढील हकीकतही उद्बोधक आहे. १९५८ च्या वसंतात त्यांनी कपोटी यांची व ते राहात असलेल्या ब्रुकलिन भागाची छायाचित्रे काढली. कपोटी यांचा ब्रुकलिनवरील लेख 'हॉलिडे' मासिकाच्या फेब्रुवारी १९५९ च्या अंकात आला, पण काढलेल्या छायाचित्रांपैकी थोडीच त्यात छापली गेली. अॅटी १९८२ मध्ये वारले. निगेटिव्ह घरातील जुन्या पाकिटांत पडून होती; काही दशकांनी ती कुटुंबीयांच्या हाती लागली, आणि २०१५ मध्ये कपोटी यांचा तो लेख त्या छायाचित्रांसह स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाला. ज्ञात लेखकाच्या ज्ञात लेखाचे हे हरवलेले अर्धांग कोणत्याही सार्वजनिक संग्रहात नव्हते. एका घरातील माळा-कपाट झाडताना ते रद्दीत गेले असते तर त्याच्या अस्तित्वाची शंकाही कोणास आली नसती.

५

आता दुसरे उदाहरण. अलेक्झांडर लिबरमन यांचा जन्म १९१२ मध्ये कीव्ह येथे झाला. पॅरिसमध्ये त्यांनी 'व्ह्यू' या सचित्र साप्ताहिकात काम केले. १९४१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले, १९४३ मध्ये 'व्होग'चे कलानिर्देशक झाले, आणि १९६२ पासून १९९४ पर्यंत त्या प्रकाशनसंस्थेच्या सर्व नियतकालिकांचे संपादकीय संचालक होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ब्राक, मातीस, पिकासो, ब्रांकुशी, जाकोमेत्ती आदी कलावंतांची त्यांच्या चित्रशाळांत छायाचित्रे काढली; ती 'द आर्टिस्ट इन हिज स्टुडिओ' या पुस्तकात १९६० मध्ये संगृहीत झाली. १९९९ मध्ये ते निवर्तले. त्यांची कागदपत्रे स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन कला-अभिलेखागारात आणि छायाचित्रांचा मोठा संग्रह लॉस एंजेलिस येथील गेट्टी संशोधन संस्थेत आज उपलब्ध आहे.

साहित्याचा अभ्यासक अशा दप्तराकडे वळतो तो बहुधा कवीच्या माग काढीत. लिबरमन यांच्या पत्नी तात्याना याकोव्हलेव्हा या मायकोव्हस्की यांच्या प्रेमाचा विषय होत्या. त्यांना उद्देशून त्या कवीने १९२८ मध्ये काव्यरूप पत्र लिहिले, ही गोष्ट रशियन साहित्याच्या वाचकांस ठाऊक आहे. हे कुतूहल स्वाभाविक आहे. पण त्यापायी दप्तराचा मुख्य भाग दुर्लक्षित राहू नये. एका मोठ्या नियतकालिकाने शब्द व चित्र यांचा संसार कसा मांडला, याचा लेखाजोखा त्या मुख्य भागात असतो.

विपुल दप्तराबाबत एक सावधगिरीही आवश्यक आहे. ज्याने आयुष्यभर निवड करण्याचेच काम केले, त्याने आपले दप्तर ठेवतानाही निवड केलेली असते. पेशव्यांच्या दप्तरातील कागद कारकुनांनी हिशेबासाठी ठेवले. ते आपण वाचू असे त्यांच्या मनातही नव्हते. विसाव्या शतकातील कलानिर्देशकाला मात्र संग्रहालय म्हणजे काय हे पुरते माहीत होते. म्हणून जपलेल्या दप्तरातील मौनाचाही विचार करावा लागतो. लिबरमन यांच्या बाबतीत भरपूर कागद आहेत आणि त्यांना प्रश्न विचारावे लागतात. ब्रोडोविच यांच्या बाबतीत प्रश्न भरपूर आहेत आणि कागद थोडे. अर्व्हिंग पेन हे ब्रोडोविच यांचे विद्यार्थी, आणि पुढे लिबरमन यांनी 'व्होग'मध्ये पुढे आणलेले छायाचित्रकार. अशा शिष्यांच्या आठवणी, वर्गातील टिपणे आणि खुद्द छापील अंक यांवरून जळालेल्या दप्तराची काही भरपाई करता येते. पण ती अनुमानाच्या पातळीवरची असते, हे विसरता कामा नये.

६

या विवेचनाचा भारतीय भाषांच्या अभ्यासाशी संबंध काय, असे कोणी विचारील. मराठीपुरते उत्तर दूर शोधावे लागत नाही. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केले तेव्हा चित्रकार आणि नियतकालिकाचा चालक ही दोन पदे एकाच व्यक्तीत एकवटली. १९५०च्या दशकातील 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक आणि अशोक शहाणे यांचे 'असो' यांचे दृश्यरूप हे त्यांच्या वाङ्मयीन भूमिकेचेच अंग होते. गुळगुळीत कागदावर तेच शब्द छापले असते तर ती भूमिका उरली नसती. आणि अरुण कोलटकर तर स्वतः जाहिरातक्षेत्रातले कलानिर्देशक. १९७६ मध्ये सुरू झालेल्या क्लिअरिंग हाउसच्या पुस्तकांची मुखपृष्ठे त्यांनी केली. ज्या कवीला अक्षराची जाडी आणि कोऱ्या जागेचे वजन व्यवसायाने ठाऊक होते, त्याच्या कवितेची पानावरील मांडणी मुद्रकाची सोय म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा जो संग्रह उभा राहिला आहे त्याने, आणि अंजली नेर्लेकर यांच्या २०१६ मधील 'बॉम्बे मॉडर्न' या अभ्यासाने, पुस्तकाच्या भौतिक रूपाचा विचार साहित्यविचारापासून वेगळा काढता येत नाही हे दाखविले आहे.

तरीही आपल्या अनेक ग्रंथालयांत नियतकालिकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे, मलपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची प्रथा राहिली. जागा वाचली, खंड नेटके झाले. परंतु वर पाहिले त्याप्रमाणे, दप्तर नसेल तेथे छापील अंक हाच कलानिर्देशकाचा एकमेव शिल्लक कागद असतो. आपल्याकडील बहुसंख्य नियतकालिकांच्या सजावटकारांचे दप्तर कोणी राखलेले नाही. म्हणजे मुखपृष्ठ फाडून बांधलेला प्रत्येक खंड ही, ज्वाळा न दिसणारी, एक लहानशी आगच होय. संगणकीय प्रती तयार करतानाही केवळ मजकुराची पाने टिपली गेली, तर तीच हानी नव्या साधनाने पुन्हा होईल.

म्हणून अभ्यासकांपुढे तीन गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. पहिली : नियतकालिकातील कथा-कवितेचा संदर्भ देताना तिच्या पानाचे वर्णन द्यावे, सोबतचे चित्र, चित्रकाराचे नाव, मजकूर कोठे तोडला आहे आणि समोरच्या पानावर काय आहे, हे नोंदवावे. दुसरी : पाठभेदाचे श्रेय लेखकाच्या पुनर्विचारास देण्यापूर्वी जागेच्या अडचणीची शक्यता तपासावी, छापील स्तंभाची अखेर आणि गळलेल्या ओळी यांची तुलना केल्यास पुष्कळदा एवढ्यावरूनही सुगावा लागतो. तिसरी : सजावटकार, छायाचित्रकार, मुद्रक यांच्या घरी जाऊन त्यांच्या वारसांना भेटावे आणि जे असेल त्याची यादी करावी. राजवाडे वाड्यावाड्यांतून हिंडले, ते लोकांना निरुपयोगी वाटणाऱ्या कागदांसाठीच. त्या घरांतल्या माणसांना आपल्या माळ्यावर काय आहे याची कल्पना नव्हती. आजच्या सजावटकारांच्या मुलानातवंडांनाही बहुधा नसेल.

यांतील तिसरे काम तातडीचे आहे. पहिली दोन पुढच्या पिढीलाही करता येतील, कारण छापील अंक कोठे ना कोठे मिळेल. आराखडा मात्र एकच असतो.